आमच्या घराचे पोपडे

गेल्या गणपतीत पुतण्याने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "काका, ओळखा, कोणाचं घर?"

करड्या-पांढऱ्या रंगाचे घर होते. दर्शनी भिंतीला कमरेपर्यंत दगडासारख्या दिसणाऱ्या फरशा, ओटीला स्टीलचा कठडा आणि काच, वर गडद निळे पत्रे, पुढे अंगणभर पेव्हर ब्लॉक. मी म्हटले, "कोणा डॉक्टरचं दिसतंय." सगळे हसले. ते आमचेच घर होते! तुळशीवृंदावनावरून ओळखायला हवे होते खरे, पण चित्रात ते गाडी लावायला जागा करून एका कोपऱ्यात सरकले होते.

पुतण्या पुण्याला नोकरी करतो. त्याने तिथल्या एका ओळखीच्या मुलाकडून हे 'एलिव्हेशन' करून घेतले होते. आतल्या कशाला हात लावायचा नाही, फक्त बाहेरून घराला नवे रूप द्यायचे, आणि खर्च सगळा तो करणार. यात राग येण्यासारखे काही नव्हते. तरी मला राग आला, आणि तो मी चतुर्थीच्या मोदकांबरोबर गिळला.

पुढे चारच दिवसांत घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, करून टाका, घर किती भकास दिसते. दुसऱ्या तटाचे म्हणणे, मूळ रूप घालवू नका. या दुसऱ्या तटात माझी परदेशातली मुलगी आघाडीवर. (गावच्या घराच्या मूळ रूपाची काळजी त्यांनाच जास्त, ज्यांना पावसाळ्यात त्या घरात राहावे लागत नाही, असे माझे जुने निरीक्षण आहे. मुलगी हे वाचेल, म्हणून लिहून ठेवतो.)

पण मंडळी, 'मूळ रूप' हा शब्द मला काही सोडेना. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. मुलांनी उत्तरपत्रिकेत 'मूळचा' असे लिहिले की मी समासात 'कधीचा?' असे लिहीत असे. आता तोच प्रश्न आपल्या घराला विचारायची वेळ आली.

आमचे घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून थोडे वर. जांभ्या दगडाच्या म्हणजे चिऱ्याच्या भिंती, मातीत बांधलेल्या. पुढे ओटी, मग पडवी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड येते. तिथेच गेल्या श्रावणात गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा सुटून पडला होता. एका दुपारी मी खुर्ची टाकून त्या खळग्यापाशी बसलो आणि जुन्या सुरीने कडा हळूहळू खरवडल्या. बायको म्हणाली, "काय चाललंय? उत्खनन?" म्हटले, तसेच समज.

बाहेरून आत जाताना पहिला लागला क्रीम रंगाचा ऑइलपेंट. त्याच्याखाली सिमेंटचा गिलावा, चांगला बोटभर. त्याच्याखाली अंड्याच्या बलकासारख्या पिवळ्या रंगाची पातळ खपली. मग पांढऱ्या चुन्याचे कितीतरी हात, पोथीच्या पानांसारखे एकमेकांना चिकटलेले, त्यांतले काही निळसर. मग चुन्याचा जाड गिलावा. मग लाल माती. आणि शेवटी चिरा. आता यातले मूळ रूप कोणते, तुम्हीच सांगा!

सगळ्यांत आतून सुरुवात करू.

चिरा हा दगड आमच्याकडे पायाखालीच असतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा स्कॉटिश वैद्य १८०० साली मलबारमध्ये हिंडत होता. तिथे लोक हा दगड जमिनीतून विटेसारखा कापून काढताना त्याने पाहिले आणि पुढे १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला 'लॅटेराइट' असे नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीत हा दगड मऊ असतो, हत्याराने तासता येतो. हवेवर राहिला की कठीण होतो. पण तो भोकाभोकांचा आहे. पाणी पितो आणि पाणी सोडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या घराच्या भिंती अशाच उघड्या असणार, वरून फार तर लाल मातीचा हात. छप्पर गवताने शाकारलेले. 'दर्शनी भाग' नावाची कल्पनाच नसावी. ज्या मुलखात चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, तिथे घराचा चेहरा म्हणजे त्याचे छप्पर. ते जितके खाली ओढलेले तितके चांगले. पावसाळ्याआधी ओटीला पुढून झावळ्यांचे झाप बांधत, की घर डोक्यावर इरले घेऊन बसलेल्या बाईसारखे दिसे. हे मी लहानपणी स्वतः पाहिले आहे.

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की घर १८६५ सालचे. पुरावा काय? तर छपराचे कौल. त्यावर इंग्रजीत 'बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर' आणि '१८६५' असे उठवलेले आहे. मीसुद्धा ऐटीत शाळेतल्या मुलांना ते कौल दाखवीत असे! निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला तेव्हा कळले की १८६५ हे त्या कारखान्याच्या स्थापनेचे साल. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातल्या मिशनऱ्यांनी त्या साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे कौलांवर ते साल छापत राहिले. 'स्थापना १९३२' अशी पाटी लावणाऱ्या खानावळीतली आमटी जशी १९३२ सालची नसते, तसेच हे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि ते पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मिशनच्या नावाचे आमचे कौल त्या आधीचे असावे, एवढेच त्यावरून म्हणता येते.

मग मी पणजोबांची जमाखर्चाची वही काढली. मोडीत आहे. मोडी मी साठीनंतर शिकलो, अजून अडखळतो. त्यात शके १८३३ च्या पानावर मंगळुरी कौलांची नोंद सापडली, बंदरापासूनच्या बैलगाड्यांच्या भाड्यासकट. शके १८३३ म्हणजे १९११-१२. घराचे वय एका दुपारीत सेहेचाळीस वर्षांनी कमी झाले. ग्रुपवर हे लिहिले तर कोणी फारसे बोलले नाही. घर तरुण झाल्याचा आनंद कोणालाच नसतो.

पण कौलांनी घराचा चेहरा बदलला हे खरे. कारखान्यातली, सगळी एका मापाची, एकमेकांत खाचेने अडकणारी कौले समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे गेली. आज परदेशातले पाहुणे ज्याला 'टिपिकल कोकणी घर' म्हणून फोटो काढतात, त्यातला लाल उतरत्या छपराचा भाग युरोपातल्या मिशनऱ्यांनी मंगळुरात पाडलेल्या साच्यातून आलेला आहे.

आता चुना. वहीत कौलांनंतर पंधरा वर्षांनी 'दर्शनी भिंतीस चुना' अशी नोंद आहे. आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला नोकरीला लागले होते, त्यांच्या मनीऑर्डरीतून हे काम झाले. आणि गंमत पाहा, गिलावा फक्त दर्शनी भिंतीला आणि तिथून दिसेल एवढ्या पश्चिमेच्या तुकड्याला! उत्तर आणि पूर्व बाजू तशाच उघड्या. घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. पाहुणे पुढून येणार होते. मागून कोण येतो?

आमच्याकडचा चुना खडकाचा नव्हे, खाडीतल्या शिंपल्यांचा. शिंपले आणि लाकडे भट्टीत रचून भाजायचे. भाजताना शिंपल्यातला कर्बवायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुलतो. याला चुना विरवणे म्हणतात. मग तो वाळूबरोबर घाणीत मळायचा. कोणी त्यात गुळाचे पाणी घाली, कोणी बेलफळाचा गर, कोणी हिरड्याचे पाणी, ज्याची त्याची रीत. भिंतीवर चढला की हाच चुना वर्षानुवर्षे हवेतला कर्बवायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. शिंपल्याचा पुन्हा शिंपला होतो म्हणा ना! विज्ञानाच्या सरांनी मला हे समजावले तेव्हा मी त्यांना चहा पाजला होता.

गिलावा गवंड्याने केला, त्याची मजुरी वहीत आहे. पण त्यावर दरवर्षी चढलेले ते पोथीच्या पानांसारखे हात? त्याची मजुरी कुठेच नाही. फक्त 'चुना' आणि 'नीळ' एवढी खरेदी. कारण ते काम घरातल्या बायकांचे. माझी आई ते करी, तिच्या आधी आजी करी. शिमग्यात पालखी दारात येते, त्याआधी बाहेरून घर पांढरे झालेच पाहिजे. आई रांजणात चुना विरवायची, आम्हा मुलांना दहा पावले लांब उभे करून. दुसऱ्या दिवशी तो फडक्यातून गाळायचा, त्यात भाताची पेज, मूठभर मीठ आणि चिमूट नीळ. नीळ जास्त पडली की त्या वर्षी घर निळसर दिसे आणि शेजारणी हसत. कुंचा नारळाच्या सोडणाचा, घरीच ठेचून केलेला. खाली हातभर पट्टा लाल. त्याला आई हुरमुंजी म्हणे. हा शब्द इराणच्या आखातातल्या हुर्मुज बेटावरून आलेला आहे, तिथली तांबडी माती पूर्वीपासून जहाजांतून जात असे. आईला हुर्मुज कुठे माहीत! पागोळ्यांचे पाणी अंगणातल्या लाल मातीवर आपटून भिंतीवर उडते, ते पांढऱ्यावर दिसते, तांबड्यावर दिसत नाही, एवढे तिला माहीत होते. शोभेच्या पट्ट्याचे कारण ते.

चुना काढून झाला की आईच्या बोटांच्या पेरांना चिरा पडत. रात्री ती त्यात खोबरेल भरून बसे. भिंतीच्या त्या खळग्यात मी चुन्याचे पापुद्रे मोजायचा प्रयत्न केला. सत्तावीसपर्यंत मोजले, पुढे डोळ्यांनी साथ सोडली.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर मी नुसताच गोड गोड लिहिल्यासारखे होईल. अंगणाच्या टोकाला, वाटेच्या बाजूला चिऱ्यांचा एक बसका ओटा आहे, गुडघ्याएवढा उंच. पुतण्याच्या चित्रात त्याला गादी टाकून 'सीट-आउट' केले आहे, वर टांगता दिवा. त्याला माहीत नव्हते. तो ओटा त्या माणसांसाठी होता ज्यांना अंगण ओलांडून ओटीवर यायची बंदी होती. वहीत भिंतीच्या कामाला चिरे वाहणाऱ्यांची मजुरी वाडीच्या नावाने लिहिली आहे, माणसांच्या नावाने नाही. ज्यांनी ही भिंत डोक्यावरून वाहून आणली, ती उभी राहिल्यावर त्यांना तिला टेकून बसता येत नव्हते. त्यांना भाकरी त्या ओट्यावर, वरून टाकलेली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, आमच्याच कोकणातला. आमच्या दर्शनी भिंतीला चुना लागला त्याच्या एक वर्ष आधी. मी शाळेत तो धडा शिकवीत असे आणि संध्याकाळी घरी येताना त्याच ओट्यावर छत्री टेकवून चपला काढीत असे. बरीच वर्षे मला त्यात काही खटकले नाही, हेही लिहून ठेवतो.

पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग तोडून टाकू या." मी म्हटले, तोडला की आमच्याकडे असे काही नव्हते असे म्हणायला आपण मोकळे. त्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. गादी मात्र त्यावर पडणार नाही.

असो. आता ती पिवळी खपली.

१९६२ साली आत्याचे लग्न घरी झाले. मी बारा वर्षांचा. माझा चुलतभाऊ, म्हणजे या पुतण्याचे वडील, आम्ही त्याला दादा म्हणायचो, तेव्हा लालबागेत गिरणीत लागून दोनेक वर्षे झाली होती. तो लग्नाला बोटीने आला तो रंगाचा डबा घेऊन. सिमेंटचा रंग! स्नोसेम हे त्या जातीच्या एका रंगाचे नाव, पण आमच्या भागात सगळ्याच सिमेंटच्या रंगांना तेच नाव पडले. गावात तोपर्यंत पांढरा आणि लाल यांखेरीज घर नव्हते. आमचे एका दिवसात हळदीसारखे झाले. या रंगाला नंतर दोन-तीन दिवस पाणी मारावे लागते, ते काम माझे. खाडीपलीकडून घर दिसायला लागले. लोक दादाला विचारीत, "मुंबईत अशीच घरे असतात काय?" तो हो म्हणे. तो राहत होता दहा बाय बाराच्या खोलीत, आणखी सहाजणांबरोबर.

तो रंग तीन पावसांत पोपडे धरून सुटला. चुन्यावर सिमेंटचा रंग नीट धरत नाही, आधी चुना पार खरवडून काढावा लागतो, हे कोणाला ठाऊक? पण त्या पिवळ्या रंगाची गोष्ट गावात वीस वर्षे निघत होती.

त्यानंतर बाहेरून घराला फारसे काही झाले नाही. आईचे वय झाले, चुना दरवर्षीचा दोन वर्षांआड झाला, मग थांबला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. दादाची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. दोन वर्षे वाट पाहून तो बिऱ्हाड घेऊन गावी आला. हा पुतण्या तेव्हा दहा वर्षांचा. घराची बाहेरची भिंत शेवाळाने काळी पडलेली होती. गणपतीत इतर घरांचे चाकरमानी यायचे, रंग काढायचे. आमचा चाकरमानी कायमचा घरी बसलेला.

आणि मग सिमेंट. हे काम माझे, त्यामुळे इथे जरा सावकाश लिहितो.

आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण त्या काळात सिमेंट परमिटवर मिळे. देशात पोरबंदरला १९१४ मध्ये कारखाना निघाला तरी सत्तरीच्या दशकापर्यंत गावाकडच्या माणसाला सिमेंट म्हणजे सरकारी धरण आणि पूल. टंचाई एवढी की सिमेंटच्या वाटपावरून झालेल्या वादळात १९८२ च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी नियंत्रण थोडे सैल झाले, १९८९ च्या मार्चमध्ये पूर्ण उठले. माझ्या हातात नव्या वेतनश्रेणीच्या फरकाचे पैसे होते. सिमेंट बाजारात हवे तेवढे होते. आणि मी माध्यमिक शाळेतला शिक्षक, ज्याचे घर वर्गातल्या मुलांच्या घरांपेक्षा काळे होते. त्या उन्हाळ्यात मी घराला चारही बाजूंनी सिमेंटचा गिलावा करून घेतला. एकदाच करायचे, आयुष्यभर बघायला नको.

आईचा विरोध होता. ती म्हणाली, "अरे, भिंतीला घाम येतो. तिचं अंग झाकू नको." मी तिला म्हटले, आई, हे विज्ञान आहे. मी बीए, तेही मराठीतून! विज्ञानाशी माझा संबंध एवढाच की त्याचा वर्ग माझ्या शेजारी भरत असे. पण आई चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे ती गप्प बसली.

झाले काय, ते आता मला नीट सांगता येते. चिरा पाणी पितो, मातीचा सांधा पाणी पितो. जमिनीतून ओल वर चढतेच. पूर्वी चुन्यातून ती उन्हाळ्यात बाहेर निघून जाई. सिमेंट कठीण, आतली भिंत मऊ. उन्हात दोघांचे जमेना, बारीक भेगा पडल्या. भेगांतून झडीचे पाणी आत गेले, आणि बाहेर यायला वाट राहिली नाही. वर मी ऑइलपेंटही दिला होता, म्हणजे भिंतीला रेनकोट घातला, तोही आतून ओला. चौथ्या पावसात आतल्या बाजूने लोणा फुटला. पश्चिमेच्या खोलीत पांढरी भुकटी झाडून काढावी लागे. तुळईचे टोक भिंतीत गेलेले असते, ते आतल्या आत कुजत गेले. २०११ मध्ये ते बदलले तेव्हा सुताराने लाकूड हाताने कुस्करून दाखवले, ओल्या चहापत्तीसारखे.

पश्चिमेची खोली आईची होती. शेवटची तीन वर्षे जून उजाडला की तिची खाट आम्ही माजघरात हलवायचो, कारण खोलीत उशीसुद्धा दमट होई. २००९ मध्ये ती गेली. 'मी सांगितलं होतं' असे ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरे झाले असते.

हे सगळे मी दिवाळीत पुतण्याला सांगितले. खळगा दाखवला, थर दाखवले, वही दाखवली. मला वाटले, आता त्याला पटेल की फरशा आणि ॲक्रिलिक लावणे म्हणजे माझीच चूक नव्या पैशांत करणे. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "काका, तुम्हाला आजीचा चुना आठवतो. मला ते आठवतच नाही. मी आलो तेव्हा घर काळं होतं. वर्गातली पोरं त्याला भुतांचं घर म्हणायची. बाबा संध्याकाळी ओटीवर बसायचे नाहीत, मागच्या दारी बसायचे. तुम्ही सिमेंट केलंत त्या वर्षी ते पहिल्यांदा पुढे येऊन बसले."

मला हे माहीत नव्हते. एकाच घरात राहत होतो आम्ही. ज्या गिलाव्याला मी पस्तीस वर्षे मनात शिव्या देत आलो, त्याच्यामुळे दादा पुढच्या ओटीवर येऊन बसला होता. त्या दिवशी आम्ही दोघे पुढे काही बोललो नाही.

मंडळी, वाद नंतरही झाले, नाही असे नाही. ठरले ते असे. सिमेंट सगळ्या बाजूंनी उतरवायचे, पण एकदम नाही, पश्चिम आधी. उतरवल्यावर भिंत एक उन्हाळा उघडी ठेवून वाळू द्यायची, नाहीतर नवा चुनाही ओल कोंडतो. मग चुन्याचा गिलावा. फरशा नाहीत. पेव्हर ब्लॉकही नाहीत, कारण अंगण बंद झाले की पाणी भिंतीच्या पायाशीच जाणार; त्याऐवजी चालण्यापुरत्या चिऱ्याच्या लाद्या आणि भिंतीपासून दोन हातांवर चर. छपराची मागची बाजू २०२१ च्या तौक्ते वादळात उडाली तेव्हा तिथे निळे पत्रे आले आहेत, ते राहतील. पुढची कौले उतरवून, धुऊन पुन्हा चढवायची. मिशनचे ते कौल मात्र आता घरात ठेवायचे. ओटीला कठडा हवाच, असे पुतण्याचे म्हणणे. बायकोनेही त्याची बाजू घेतली, कारण मी या वयात त्या ओटीवरून दोनदा पडलो आहे. काच नको, लाकडी चालेल. दिव्यांच्या तारा भिंतीवर लोंबतात, त्या नीट होतील. गाडीला जागा तुळशीच्या दुसऱ्या बाजूला निघते, हे मोजून पाहिल्यावर कळले. चित्र काढणाऱ्याने मोजले नव्हते.

चुन्याचे काम जाणणारा गवंडी सापडायला दोन महिने गेले. तालुक्यात देवळाच्या जीर्णोद्धारावर एक सत्तरीचा माणूस होता, तो यायला तयार झाला. येऊन त्याने आधी भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, कोणी केलं हे सिमेंट?" मी म्हटले, होता एक शहाणा.

रंगाचे मात्र अडले होते. मी पांढरा म्हणत होतो, खाली लाल पट्टा. मुलीनेही तिकडून पांढराच म्हटले. पुतण्याने त्या खळग्यातली पिवळी खपली नखाने अलगद काढली, कागदाच्या घडीत घालून पाकिटात ठेवली आणि पुण्याला घेऊन गेला. परवा त्याचा फोन आला. चुन्यात पिवळी काव मिसळली तर हा रंग येईल का, गवंड्याला विचारा म्हणाला. विचारले. गवंडी म्हणतो, हळदीसारखा यायचा नाही, जरा मातकट येईल, पण टिकेल.

सध्या मागच्या परसात चुना विरवायला खड्डा खणून झाला आहे. शिंपल्यांचा चुना पुरेसा मिळाला नाही, थोडा बाहेरून मागवावा लागला. पुतण्या फेब्रुवारीत आठ दिवस रजा काढून येतो आहे. सोडणाचे कुंचे ठेचून ठेवायला मी त्याच्या मुलीला सांगितले आहे. ती विचारत होती, कुंचा विकत का नाही मिळत. पश्चिमेच्या भिंतीवर हातभर रुंदीचे दोन नमुने काढायचे, एक पांढरा, एक पिवळा, आणि शिमग्याला पालखी आली की सगळ्यांनी अंगणातून पाहायचे, असे ठरले आहे.